उजव्या हाताची नखं

पाणिग्रहणाला हेरंबने डावा हात पुढे केला.
गुरुजी थांबले. मामा खोकले.
सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या हो, उजवा वाजवण्याचा आहे."
तेव्हाच विचारायला हवं होतं, काय वाजवण्याचा.

दांडिया बाजारातल्या गुप्त्यांच्या मुलाने
पेटी वाजवावी, फार तर व्हायोलिन.
हा खतांच्या कारखान्यात नकाशे छापायचा.
तिथे अमोनियाचा प्लांट उभारायला
रामोन नावाचा स्पॅनिश इंजिनियर आला होता.
त्याला बडोद्याचं पाणी मानवलं नाही, गोड डाळ तर नाहीच.
संध्याकाळी गेस्ट हाऊसच्या गच्चीवर बनियनवर बसून
तो गिटारीशी भांडायचा.
हेरंब नकाशांची गुंडाळी द्यायला वर गेला
तो दोन वर्षांनी खाली उतरला.
(वाक्य त्याचं. इथे तो दर वेळी हसतो.)

प्लांट सुरू झाला, रामोन गेला.
मागे राहिली एक गिटार
आणि बारा मात्रांचा हिशेब, जो बारापासूनच सुरू होतो:
टाळी बारावर, तिनावर, सहावर,
मग घाईने आठावर, दहावर.
तबल्याचे मास्तर ऐकून म्हणाले, "एकतालच आहे, पण लंगडतोय."
"लंगडत नाही, मास्तर. जिना उतरतोय."

जिना उतरून घर चालत नाही.
नऊ रात्री गरब्याचा ऑर्केस्ट्रा,
बाकी लग्नं, रिसेप्शनं,
कॉन्व्हेंटातल्या मुलींना प्रार्थनेपुरते तीन कॉर्ड.
मी एलआयसीत होते म्हणून कुकर लागला,
हेही एकदा कुठेतरी लिहून ठेवते.

पहाटे चार ते सहा मात्र त्याचे.
नख तुटलं की पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा,
खाली चांभाराकडचं सोल्यूशन, वर माझं नेलपॉलिश.
त्या हाताने त्याने कधी मटार सोलले नाहीत,
सिलिंडर सरकवला नाही,
तापात माझ्या कपाळावर ठेवला तोही उलटा.
मे महिन्यात गिटारीचं पोट तडकू नये म्हणून
साबणाच्या डबीत ओला स्पंज घालून मी आत ठेवायची.
माठाला फडकं गुंडाळायचं, आणि हिला डबी.

रामोनला पाठवलेली कॅसेट परत आली,
पत्त्यावर लाल शिक्का.
त्यावर त्याने पुढे शेजारच्यांच्या मुंजीतली मंगलाष्टकं भरली.

एकदाच. पोलो ग्राउंड, नववी रात्र, दीड वाजला असेल.
त्रण ताळी चालू होती
आणि याने मधेच आपले बारा सोडले.
आतलं रिंगण अडखळलं, बाहेरचं त्याच्यावर आदळलं.
कनुभाई ढोली मान वळवून बघत राहिला,
मग त्याने खांदे उडवले आणि धरला ठेका.
एका म्हातारीची टाळी तर चुकलीच नव्हती.
चार मिनिटं. फार तर पाच.
हजारो माणसं, चणिया-चोळीतला सगळा घाम,
जिना उतरत होती.
"हेरंबभाई, आ शुं हतुं?" आयोजक म्हणाले,
आणि पाकिटातून दोनशे कापले.
ते पाकीट त्याने जपून ठेवलंय.

साठीच्या अलीकडे मधलं बोट ऐकेनासं झालं.
दुखत नाही. तारेजवळ गेलं की तळव्यात शिरतं,
पाहुण्यांना बघून आत पळणाऱ्या पोरासारखं.
डॉक्टर म्हणाले, "चमचा धरता येईल, बटण लावता येईल,
फक्त वाजवताना तेवढं..."
"फक्त," हेरंब म्हणाला.

मंगळवारी तो वर्तमानपत्र पसरून बसला.
मंगळवारी नखं कापू नयेत, हे मी म्हणाले नाही.

रविवारी बाजारातून येताना त्याने पिशवी मागितली.
बटाटे, दुधी, वर अळूची जुडी.
उजव्या हातात घेतली.
जिन्यावर तो पुढे, मी मागे.
आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या. बाराव्या पायरीवर तो थांबला.
"दम लागला," म्हणाला. हात बदलला नाही.
वर दोन उरल्या होत्या.
मी मोजत नव्हते, असं नाही.