कढ, पुल्लिंगी

निघतानाच कार्डावर लिहून नेलं होतं:
कढ (पु.) : भावनेचा अतिरेक.
आता फक्त बोलीतलं एक उदाहरण हवं होतं
आणि बोलणाऱ्याचं नाव.

वडणग्याच्या गुऱ्हाळावर तातोबा येवलुजे
काहिलीकडं बघत होते, माझ्याकडं नाही.
चुलवाणात चिपाडं ढकलणारा पोरगा म्हणाला,
"वाईच थांबा बाई, रस अंगावर येतोय."
पिवळा फेस चढत चढत काठाशी आला,
थरथरला.
तातोबांनी एरंडेलाचे चार थेंब बोटांनी उडवले
आणि फेस बसला.
दटावलेलं पोर बसतं तसा नव्हे,
कुणीतरी ऐकून घेतलं, तसा.

मी विचारलं, कढ म्हणजे काय हो?
"कड?"
(इकडं जिभेवर ढ टिकत नाही.)
"ही काय, कड."
काहिलीच्या काठावर पळी वाजवून दाखवली.
ती नव्हे, मनातला.
"मग त्यो हिच्याबिगर कसा कळंल?
बारक्या काहिलीत उतू जातंय,
त्योच रस थोरल्या काहिलीत निम्म्यालाबी येत न्हाई.
लोक म्हंत्यात, जास्त झालं.
रस जास्त न्हाई हुत, बाई.
भांडं कमी पडतंय."

शेजारच्या सुभद्राकाकूंची म्हैस मेली
तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते.
"लई कढ आलाय हिला जगाचा!" आई म्हणायची,
ताट पुढं सरकवत,
आणि तो शब्द तोंडात तापलेल्या घासासारखा फिरायचा.
उमाळा, गहिवर, पुळका यांची कार्डं झालीत.
पुळक्याला टोमणा आहे, गहिवराला टाळ आहे.
कढाला काय आहे, ते लिहायचं राहिलंय.

तातोबा आपणहून बोलले, रस ढवळता ढवळता.
"आमची आक्काताई रात्री नवाच्या यष्टीनं आली.
हातात पिशवीबी न्हवती.
भावकी म्हनाली, सकाळी परत घालवा.
म्या काय बोललो न्हाई. हितं आलो.
हंगाम सरला हुता, काहील उपडी.
जाळ न्हाई, रस न्हाई, तरी कड आला.
म्हनून पोरीची कड घेतली."

एका वाक्यात दोन शब्द, कानाला एकच.
एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी,
मधे नुसतं एक 'म्हनून'.
व्युत्पत्तीनं हे दोघं एकमेकांचे कुणी लागत नाहीत.
मला माहीत आहे. तरी दोघांना एकाच कार्डावर लिहिलं.

तेवढ्यात "धरा, धरा!" असा ओरडा झाला,
काहील उचलली गेली, वाफ्यात गूळ ओतला,
माझ्यापुढं कुणीतरी पळसाच्या पानावर
ऊनऊन काकवी ठेवली.
कार्डाचा कोपरा त्यात बुडाला.
'अतिरेक' खोडायची गरजच उरली नाही.

ऑफिसात पाटीलसर विचारतात, हे डाग कसले,
आणि संदर्भ काय लावायचा?
तातोबा येवलुजे, वडणगे.
वय विचारायचं राहिलं.