टाका

क्लाक्सविकच्या बंदरात, शीतगृहाच्या वर
रोईची खोली. खाली दिवसभर बर्फ फुटत राहतो,
वर तो कानांवर हेडफोन चढवून
तबकड्यांतले खडे निवडतो.

ही मार्यूनने पाठवलेली. पाकिटावर पेन्सिलीने :
‘बाबांचा आवाज. बाकीचं सगळं काढून टाका.’

आधी कोमट पाण्याची आंघोळ, मऊ ब्रश,
मग सुई.
देम्मुस गातो ऐंशी कडव्यांचं जुनं कथागीत,
वाद्य नाही, घाई नाही.
पडद्यावर त्याचा आवाज शेवाळी, रुंद,
आणि त्यातून आरपार गेलेल्या
केसासारख्या उभ्या रेघा.

ओरखडा सोपा असतो. शिस्तीचा.
तबकडीच्या दर फेऱ्याला,
एक पूर्णांक आठ दशांश सेकंदांनी
येऊन हजेरी लावतो.
रोई त्याला चिमटीत धरून उपटतो,
शेजारच्या सुराचा धागा ओढून
रफू करतो, कळूही नये असं.

पण तिसऱ्या कडव्यापासून
काही रेघा ऐकेनात.
टिक्-टिक्. थांबून टिक्.
ना फेऱ्याच्या हिशेबात, ना गाण्याच्या.
यंत्र म्हणालं : कचरा. नग चारशे बारा.
त्याने बटण दाबलं.

देम्मुस स्वच्छ झाला.
इतका, की कुणासमोरच गात नसल्यासारखा.

रोईने सगळं परत आणलं. डोळे मिटले.
टिक्-टिक्. थांबून टिक्.
दोन सुलट, एक उलट.

कुणीतरी विणत बसलं होतं
बासष्टच्या त्या हिवाळ्यात,
मायक्रोफोनपासून हातभर.
सोळाव्या कडव्यात देम्मुस अडखळतो,
सुया थांबतात.
त्याला शब्द सापडतो,
सुया चालू.

त्याने फोन लावला. ‘तुमची आई विणायची का?’
‘विणायची की. पण बाबा गायला लागले
की ती उठून गोठ्यात जायची.’
मग बराच वेळ नुसता वारा.
मग मार्यून, हळू :
‘सुया पोलादी वाटतात, की हाडाच्या?’

वीस वर्षं हेच काम करणाऱ्या रोईला
ते पहिल्या टाक्यालाच कळलं होतं.
‘सांगता येत नाही,’ तो म्हणाला.

दोन फायली केल्या त्याने.
ओरखडे दोन्हींतून गेले.
पहिलीला नाव दिलं : देम्मुस.
दुसरीच्या नावापाशी
संध्याकाळभर नुसती रेघ लुकलुकत राहिली
आणि खाली फुटणारा बर्फ,
कुठल्याच हिशेबात न बसणारा.