छाट

मी फक्त झेरॉक्स काढून देणार होतो.
दोनशे प्रती, पाठपोट,
कागद त्यांचा, शाई माझी.
पण मुश्ताक नदाफनं रिक्षाची मागची सीट थोपटली,
म्हणाला, बस बे, तुझं अक्षर बरंय.

तर बसलो.
मार्च महिना. डांबर चप्पल सोडेना.
रत्नाबाई कोंगारींच्या मांडीवर परीक्षेचं पॅड.
सदतीस वर्षं शिकवलं त्यांनी,
अजूनही डावीकडं समास सोडतात, पट्टीनं आखून.
वर मजकूर:
अंदाजपत्रकात शाळांच्या नावावर असलेली रक्कम
शाळांच्याच नावावर राहू द्यावी.
एवढंच.
चौकातल्या नव्या कारंज्याबद्दल मी एक ओळ घातली होती,
ती त्यांनी खोडली.
अर्जात टोमणा नको, म्हणाल्या.

साखर पेठेत दिवसभरात बारा सह्या.
एकानं विचारलं, तुमचा पक्ष कुठला?
एकानं चहा पाजला, सही दिली नाही.

विडी घरकुलात दुपारी दारं उघडीच असतात.
सुपं मांडीवर, हात चालू,
डोळे तेवढे आमच्याकडं.
किती पायजेत?
पाच हजार.
कुणी हसलं नाही.
पाच हजार म्हणजे दोनशे कट्टे,
म्हणजे पाच दिवसांची पाठ,
हा हिशोब त्या बायकांना कागदाशिवाय येतो.

नरसम्मा म्याकल यांनी पदराला हात पुसले,
मग पुन्हा पुसले.
मी शाईचं पॅड पुढं केलं, अंगठ्यासाठी.
चुकलंच माझं.
त्यांनी ते पायानं सारलं नाही, हातानंच सारलं,
पेन मागितला,
आणि जीभ दाताखाली धरून
गोल गोल काढत गेल्या.
एक वळण, त्याच्यावर टोपी,
खाली लोंबतं एक वेटोळं.
तेलुगू. तिसरीपर्यंत.
ह्याच शाळेत, पूर्वेकडच्या वर्गात,
जिथं आता एकोणीस पोरं आणि एक पंखा.

मीही तिथलाच. भिंतीच्या अलीकडं, मराठीत.
सात वर्षं पलीकडचे पाढे ऐकले,
चाल अजून पाठ आहे.
आणि मला ह्या बाईंचं नाव वाचता येईना.

महापालिकेत कारकुनानं गठ्ठे सोडले.
पंचवीस-पंचवीसचे, विडीच्याच दोऱ्यानं बांधलेले.
एक पान इकडं, एक तिकडं.
तिकडचा ढीग वाढत गेला:
तेलुगू, कन्नड, उर्दू.
ह्या वाचता येत नाहीत,
ग्राह्य धरता येणार नाहीत.

नरसम्मा माझ्या मागं उभ्या होत्या.
छाट, म्हणाल्या.
मग कारकुनाला समजावून सांगितलं, शांतपणे,
नातवाला सांगावं तसं:
कारखान्यात चेकर हजारातल्या पन्नास बाजूला सारतो.
त्याचे पैसे देत नाही.
विडी पण परत देत नाही.
तिथं मागता येत नाही, साहेब.
इथं दे.

हात पुढं. पानासारखा पिवळा.
त्यानं इकडं तिकडं पाहिलं,
आणि ढीग दिला.

व्हरांड्यात फरशीवर बसलो.
त्या वाचायच्या, मी बाजूला मराठीत लिहायचो, बारीक.
उर्दूला मुश्ताक.
कन्नड अडलं तेव्हा शिपाईच खाली बसला,
अक्कलकोटकडचा निघाला,
चष्मा नाही म्हणून कागद लांब धरून वाचत राहिला.
पावणेसहाला दिवे बंद केले.
तीनशे बारा झाल्या होत्या.
बाकीच्या उद्या.
सभा सोमवारी आहे.
काय होईल ते रत्नाबाई बोलत नाहीत,
म्हणून आम्हीही नाही.

परतताना रिक्षात
बिघडलेल्या एका प्रतीच्या पाठीवर
मी त्यांचं नाव काढायला घेतलं.
विचारलं, आधी टोपी की आधी वळण?
नरसम्मा म्हणाल्या,
आधी हात पूस.