बोरमा

दिवसातून चाळीस वेळा.
एकदा मोजलं होतं, विडीच्या पाकिटामागे रेघा मारून,
काजूच्या चिकाने काळ्या झालेल्या बोटांनी.
मेस्त्रीनू, बॉयलरचा प्रेशर चढना नाय, काय करूचा?
मेस्त्रीनू, साल सुटना नाय, काय करूचा?
मी उठायचो. जेवता जेवता,
ताटातला बांगडा अर्धा सोडून.
झडपेला पाव वळसा, मिंगेलच्या पाठीवर थाप,
झालं.
दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न यायचा, फक्त शर्ट बदलून.

खरं सांगू? मला आवडायचं ते.
वेंगुर्ल्यात, मठच्या रस्त्याला, या पत्र्याखाली
एकोणीस वर्षं
माझ्याशिवाय काही शिजत नव्हतं, काही सुकत नव्हतं.
बाबल मेस्त्रीने मला काहीच शिकवलं नाही.
बोरम्याचं दार उघडताना तो पाठ करून उभा राहायचा,
आतले ट्रे मला दिसू नयेत म्हणून.
त्याच्याकडून जे घेतलं ते नाकाने चोरून घेतलं.
मी म्हणायचो, मी तसा नाही, मी सगळ्यांना सांगतो.
सांगण्यातही एक फिरवलेली पाठ असते
हे कळायला माझा गुडघा जावा लागला.

डॉक्टर म्हणाला, जिना बंद.
बोरमा वरच्या माळ्यावर.
मी खाली, वजनकाट्याशेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीत.
अनसूया कोचरेकर कठड्यावरून वाकली,
मेस्त्रीनू, गर कडेन पिवळे पडतत, काय करूचा?
उत्तर तोंडात आलं होतं. अख्खं. गरम.
मी म्हटलं, तुका काय वाटता?
"माका काय वाटतला? तुमीच सांगा."
मी गप्प.
जिभेला चीक लागावा तशी जीभ पोळत होती.
वर ट्रे ओढल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.
वरचा ट्रे आधी ओढला तिने,
मला खालून नुसतं ऐकून कळलं,
आणि मी खुर्चीचे हात धरून बसून राहिलो.

अकरा किलो करपले.
शेठ वही घेऊन आले, कुणी केलं म्हणाले.
मी म्हटलं, मी.
ते खोटंही नव्हतं.
त्यातले मूठभर बरणीत ठेवलेत अजून.
कधीमधी एक तोंडात टाकतो.
कडू लागतो, पण कुरकुरीत आहे.

त्यानंतर ती चुकली, आणखी दोनदा,
एकदा मिंगेलही, त्याच्या परीने, बऱ्यापैकी.
पण आता अनसूया जिन्यावरून वाकायची ती वेगळ्या आवाजात:
"मेस्त्रीनू, मिया असा केलंय."
करूचा नाही. केलंय.

श्रावणात हवा दमट, घड्याळाचा हिशेब चुकतो,
माझंही नाक त्या दिवसांत चुकायचं, मी कुणाला बोललो नव्हतो.
तिने बोरम्याच्या दाराशी करवंटी ठेवली,
करवंटीत जाडं मीठ.
"मीठ पाझरला तर अर्धो तास जास्ती."
तुला कुणी सांगितलं?
"कोणी नाय. घरात मिठाचा मडका आसा मा."

डॉक्टरला न सांगता मी जिना चढलो,
एक एक पायरी, कठड्याला धरून,
फक्त ती करवंटी बघायला.
कडेचे खडे ओले होते.
मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं
माझ्याकडे काही नव्हतं.

आज बॉयलरच्या गेजची काच तडकली.
मिंगेलने आग ओढून घेतली, वाफ सोडली,
कुडाळला माणूस धाडून नवी काच आणवली.
मला कळलं संध्याकाळी,
तेही चहावाल्याकडून.

बंदरावर बसलोय, दुखरा पाय लांब करून.
जाळी आवरून बायका घरी गेल्या, दीपगृह लागलं.
मोबाईल खिशात, वाजत नाही.
काढून बघतो, रेंज आहे ना.
आहे.
चारही काड्या.