वाडी गेली काय?

तिकिटावर छापलंय: कोल्हापूर ते हैदराबाद,
एक तास दहा मिनिटं.
आप्पांनी चष्मा कपाळावर सारून ते दोनदा वाचलं
आणि विचारलं, "परतीचं धरून?"

हुपरीतल्या आमच्या घरात
हैदराबाद कधी किलोमीटरमध्ये नव्हतंच.
ते होतं सतरा किलो पैंजण,
पत्र्याची पेटी, पेटीला दोन कुलपं,
तिसरं कुलूप आप्पांचं जागरण.

सोलापूरपर्यंत एसटी.
मंगळवेढ्याला पाय मोकळे करायचे,
पण एकच; दुसरा पेटीवर.
मग रात्रीची गाडी, आणि मग वाडी.
वाडीला गाडी इंजिन बदलायची की नुसताच दम खायची
कुणास ठाऊक, पाऊण तास हलायची नाही,
आणि दस्तगीर नावाचा चहावाला
खिडकीच्या गजांतून कप सरकवत म्हणायचा,
"सेठ, चांदी हैच ना, के ले गया कोई?"
बावीस वर्षं हाच विनोद.
घरी सांगताना आप्पा दरवेळी
पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे
आणि आई दरवेळी विचारायची,
"मग? होती न्हवं?"

आता उजळाईवाडी घरापासून अर्धा तास,
त्यातली पंधरा मिनिटं उसाच्या ट्रॉलीमागं.
पेटी यंत्राच्या पोटातून सरकते,
पडद्यावर पैंजणं दिसतात
माशाच्या काट्यासारखी.
ड्युटीवरची पोरगी विचारते, वजन किती?
मी तोंड उघडायच्या आत आप्पा:
"घुंगरू धरून, का सोडून?"

विमान उठतं.
मी दाखवतो, ती बघा पंचगंगा,
ते गुऱ्हाळाचं धुराडं, ते शिरोलीतल्या फाउंड्र्यांचे पत्रे.
आप्पा खाली बघत नाहीत.
पेटी मांडीवर घेऊ दिली नाही म्हणून
ते मान वर करून
डोक्यावरच्या कप्प्याकडं बघत बसलेत,
उमेदीतल्या माणसानं नवीन जावयाकडं बघावं तसं,
विश्वास आहे, पण.

ढगात हादरा बसला
तेव्हा कप्प्यात बारीक छुमछुमलं.
पुढच्या रांगेतलं रडणारं पोर गप्प झालं
आणि इकडंतिकडं बघू लागलं.
आप्पांनी मला कोपर मारलं.

साठेक खेपा झाल्या असतील माझ्या या वाटेनं.
सकाळी जाऊन संध्याकाळी घरी जेवायला.
जागरण नाही, गळ्यात किल्ली नाही,
पाण्याच्या बाटलीपुरता शेजार.
वाटेत मला नावानं ओळखणारं
एकही माणूस नाही,
याला मी इतकी वर्षं
वेळ वाचला म्हणत आलो.

पट्टे बांधायची सूचना झाली.
आप्पांनी मनगट उजेडाकडं वळवून घड्याळ बघितलं.
"वाडी गेली काय?"

खाली नुसता पिंजलेला कापूस.
मी कपाळ काचेला टेकवलं,
बराच वेळ शोधल्यासारखं केलं.
"आत्ताच गेली."
"थांबली न्हाई?"
"न्हाई आप्पा."

त्यांनी शर्टाच्या खिशात घातलेली दोन बोटं,
त्यात धरलेली दहाची नोट,
हळूच परत आत सोडली.
"तरीच," ते म्हणाले,
"म्हटलं चहा कसा आला न्हाई."