जवळचा नंबर

बत्तीस वर्षं मी लोकांच्या नाकांवर
काचा बसवत आलो,
म्हणून इथे, एक्वादोरच्या डोंगरात,
नेली किश्पे जेव्हा म्हणाली,
आज चष्मेवालं अस्वल दिसेल, कदाचित,
तेव्हा मनात आलं: हे तर गिऱ्हाईकच.

पहाटे पाचला कीतो सोडलं.
गाडीचा हीटर बंद. तिच्या जाकिटाला
डिझेलचा आणि ओल्या लोकरीचा वास.
तिचं इंग्रजी, माझं इंग्रजी,
मधल्या फटी हातवाऱ्यांनी बुजवलेल्या.
चार हजार मीटरवर
दोन पावलं रोख, तिसरं उधार.

राठ पिवळं गवत, वाऱ्याने एकाच बाजूला विंचरलेलं.
त्यात लाल तोंडाचा एक पक्षी,
कोर्टात तारीख पडलेल्या माणसासारखा
येरझाऱ्या घालत होता.
आणि कातळावर कंडोर. म्हणजे
विष्ठेच्या पांढऱ्या ओघळांवर एक काळा ठिपका.
पाऊण तास तो हलला नाही.
सोबतच्या जर्मन जोडप्याने सँडविच सोडलं, खाल्लं,
कागदाची नीट घडी घातली,
वर पाहिलं तर कातळ रिकामा.
त्याला उडताना फक्त नेलीने पाहिलं.

दुपारी ती थांबली.
हात लांब करून, एक डोळा मिटून
बोटांनी डोंगर मोजला:
त्या भेगेपासून दोन बोटं डावीकडे.
मी दुर्बीण लावली. गवत. धुकं. गवत.
मग धुक्यातलं एक काळं हललं.
अननसाच्या थोरल्या भावासारखं काटेरी झुडूप
मुळासकट उपटून, मांडीत घेऊन
ते आतला पांढरा गाभा सोलत होतं,
बांधावर बसून उसाचं कांडं सोलावं तसं.
तोंड वर केलं.
डाव्या डोळ्याभोवती पूर्ण गोल,
उजवीकडची फ्रेम तुटलेली,
नाकावर पूलच नाही.

ही तोमासा, नेली म्हणाली.
प्रत्येकीचा चष्मा वेगळा असतो.
गेल्या वर्षी पिल्लू होतं हिच्याबरोबर.
पुढे ती काही बोलली नाही,
मीही विचारलं नाही.

रात्री ला रोंदाच्या दगडी गल्लीत
ती मला ओळखू आली नाही:
टाचांचे बूट, ओठांना गडद लाल रंग.
शुक्रवार आहे, म्हणाली, डोंगर झोपला.
पाच पायऱ्या खाली उतरून एक तळघर,
तिचा मेहुणा गिटार जुळवतोय,
बँकेतल्या बायका बूट काढून नाचतायत,
आणि मातीच्या मगात कानेलासो,
दालचिनीची वाफ आणि मागून दारूचा चटका.
माझ्या काचांवर धुकं चढलं.
पुसून पाहतो तर समोर नेली
मेन्यूकार्ड हात लांब करून धरतेय,
सकाळी डोंगर मोजला, तोच हात.

हे मला दुरूनही कळतं.
वय त्रेचाळीस, फार तर चव्वेचाळीस. प्लस दीड.
खिशात नमुन्याचा एक चष्मा असतोच,
सुटीतही. सवय जात नाही.
तिने लावला. हसली.
मेन्यू बाजूला सारला, मोबाइल काढला,
गेल्या वर्षीचा एक फोटो
दोन बोटांनी ताणत, ताणत नेला.
मेहुण्याचं एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं.
त्यालाही होता, ती म्हणाली.
बारीक. हनुवटीखाली, फक्त एक रेघ.
मी त्याला कायम आईच्या मागेच पाहिलं.

मग नाचायला उठली.
लांबचं धूसर दिसेल, मी बजावलं.
तिने चष्मा कपाळावर सरकवला,
मला ओढलं, मी खुर्चीला घट्ट धरून राहिलो,
दुसऱ्यांदा ओढलं, खुर्ची सुटली.

साडेबाराला बिल आलं.
ते तिने वाचलं, एकेक ओळ, बोट ठेवून,
आणि वेटरला परत बोलावलं:
दोन कानेलासो जास्त लावले होते.
चष्मा राहू दे, मी म्हणालो.
तिने डोळे चोळायला तो काढला तेव्हा
नाकाच्या दोन्ही बाजूंना
दोन लहान लाल खुणा,
एक ठळक, एक अर्धवट.