मुद्देमाल क्रमांक नऊ

कट्टा साडेचार वर्षं माझ्या कपाटात होता,
गावी पाठवायच्या पार्सलासारखा कापडात शिवलेला.
लाखेचा शिक्का, दोन पंचांच्या सह्या,
त्यातला एक पंच मधल्या काळात वारलाही.
पुंगळ्या दोन, वेगळ्या लिफाफ्यात.
नऊ नंबरला हवालदार घरतांचा शर्ट.
कोर्टात उघडला तेव्हा दिसलं:
उजव्या खांद्याला भोक,
आणि तिसरं बटण पांढऱ्या दोऱ्यानं लावलेलं.
खाकी दोरा घरात नसावा त्या सकाळी.

दारुखान्याच्या गल्लीत, भंगार लोखंडाच्या आडून
प्रणित वारिक, वय बावीस,
टोळीच्या वहीत चिमण्या,
गोळी झाडायच्या आधी म्हणाला होता, "सरक मामा."
या दोन शब्दांवर वकिलांनी तीन तारखा खाल्ल्या.
इशारा होता, की धमकी, की थोडीशी माया.
साहेबांनी निकालात एका ओळीत मिटवलं:
सरकायला वेळ दिला नव्हता.

आज शिक्षेचा दिवस.
"शिक्षेबाबत काही सांगायचंय?"
सगळेच सांगतात. आजारी आई, लग्नाची बहीण, पहिलाच गुन्हा.
यानं विचारलं,
"मामांचा हात वर जातो का?"

स्टेनो थांबली. साहेबांनी चष्मा पुसला.
"लिहा. आरोपीस काही सांगायचे नाही."

मग आकडे.
जिवे मारण्याचा प्रयत्न, दहा. मोक्का, दहा.
हत्यार कायदा, सात. सरकारी कामात अडथळा, दोन.
जुना नाद, मी मनात बेरीज करते: एकोणतीस.
पण सगळ्या शिक्षा एकत्र भोगायच्या,
वर्षं एकमेकांवर घडी करून ठेवल्यासारखी,
त्यातून आत काढलेली साडेचार वजा.
दंड पाच लाख.
बाहेर त्याच्या आईनं माझी फाइल धरली,
"बाई, हप्त्यानं घेतात का?"
ज्यांनी कट्टा त्याच्या हातात दिला
ते आरोपपत्रात 'फरार' या एका शब्दात राहतात,
भाडं न देता.

मुद्देमालाबाबत आदेश:
अपिलाची मुदत संपल्यावर कट्टा शस्त्रागारात जमा.
शर्ट निरुपयोगी, नष्ट करावा.

घरत साक्षीला आले होते तेव्हा
भत्त्याच्या वहीत डाव्या हातानं सही केली,
पहिलीतल्या पोरासारखी, ओळीखाली घसरलेली.
म्हणजे उत्तर माझ्याकडे होतं.
पण कारकुनाला कोर्टात कोण विचारतं,
आणि विचारलं असतं तरी कुठल्या रकान्यात लिहिलं असतं.

शर्टाची घडी घातली, नवी चिठ्ठी लावली.
लाख वितळवताना बोट भाजलं.
बटण अजून घट्ट आहे.